चित्रासोबतचा कागद

पांढऱ्याशुभ्र टॉवेलांची चळत, वर एक जांभळं ऑर्किडचं फूल, शेजारी गुळगुळीत काळे दगड, मागे अंधुक हिरवं. टॉवेल विकणाऱ्या चार वेबसाइटी ज्यानं पाहिल्या असतील त्याच्या ओळखीचं हे चित्र. आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या वेबसाइटींवरही ते मी अनेकदा पाहिलं आहे. ज्या गावाच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावातला उत्पादक आपल्या पहिल्या पानावर कुठल्यातरी परदेशी स्पामधला टॉवेल लावतो. फोटो काढणाऱ्याला त्या टॉवेलाचा जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे वजन, किती, पाइल, म्हणजे धाग्यांचे उभे फासे, एका बाजूला की दोन्ही बाजूंना, किनार कुणी शिवली, याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला निवांतपणा दाखवायचा होता, आणि तो त्यानं उत्तम दाखवला आहे. फोटो चांगलाच आहे. पण तो आमच्या मालाचा नाही.

मी सोलापुरात वेबसाइट बांधायचं काम करते. टॉवेल-चादरीवाले, शाळेचे गणवेश शिवणारे, डाळिंब बाहेर पाठवणारे ही आमची गिऱ्हाइकं. मोठ्या कंपनीत ज्याला मार्केटिंग टीम म्हणतात ती इथे बहुतेक वेळा मालकांचा शिकून परत आलेला मुलगा किंवा सून, ऑफिसात संगणकावर बसणारा एक माणूस आणि आमच्यासारखे बाहेरचे दोघं-तिघं अशी असते. या लोकांच्या हातात आता अशी साधनं आली आहेत की पान बांधता बांधता बाजूच्या पट्टीतच लाखो फोटो धुंडाळता येतात, तिथेच परवाना घेता येतो आणि फोटो थेट पानावर जाऊन बसतो. सगळे म्हणतात, वेळ वाचतो. वाचतोच. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट वेगळी आहे. फोटोसोबत त्याचा कागद येतो.

आधी हे काम कसं चालायचं ते आठवा. एकीकडे स्टॉक फोटोंची, म्हणजे आधीच काढून परवान्यावर विकायला ठेवलेल्या फोटोंची, वेबसाइट उघडायची, शोधायचं, वॉटरमार्क, म्हणजे विकणाऱ्याची पुसट खूण, असलेला नमुना उतरवून घ्यायचा, पानावर चिकटवायचा, स्क्रीनशॉट काढून मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. मालक दुपारी जेवून आल्यावर सांगणार, ‘हे नको, दुसरं बघा.’ पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एक ठरलं की कुणाच्या तरी कार्डावर पैसे भरायचे, मोठी फाइल उतरवायची, कापायची, लहान करायची, तिला ‘फायनल नवीन २’ असं नाव द्यायचं आणि चढवायची. पावती ज्याच्या ईमेलवर आली त्याच्याकडेच राहिली. तो माणूस नोकरी सोडून गेला की पावतीही गेली. घाईत असलेले तर ही वाट धरतच नसत. गूगलवर दिसला, उचलला, लावला.

फोटो विकणं आणि वेबसाइट बांधणं हे दोन धंदे खरं तर बरीच वर्षं वेगवेगळे वाढले. १९९५ साली सुरू झालेली गेटी इमेजेस जाहिरात संस्थांना आणि वर्तमानपत्रांना फोटो विकायची. कुठे छापणार, किती दिवस, किती मोठा, त्यावर भाव ठरायचा, आणि तो सोलापूरच्या छोट्या उत्पादकाच्या आवाक्यातला नव्हता. २००० साली कॅनडातल्या कॅलगरीत आयस्टॉकफोटो निघालं, २००३ मध्ये न्यूयॉर्कला शटरस्टॉक, आणि फोटो स्वस्त झाले. एकदा पैसे भरायचे आणि अटींच्या चौकटीत हवा तितक्या वेळा वापरायचा, ही पद्धत रूढ झाली. २००६ साली गेटीनं आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरला विकत घेतलं. दरम्यान वर्डप्रेस, स्क्वेअरस्पेस, विक्स आले आणि कोड न लिहिता वेबसाइट बांधणं शक्य झालं. २०१४ मध्ये स्क्वेअरस्पेसनं गेटीचे फोटो आपल्या साधनाच्या आत आणले, एका फोटोला १० डॉलर. पुढे अडोबीनं फोटोलिया ही फोटो विकणारी कंपनी घेऊन २०१५ साली अडोबी स्टॉक सुरू केलं आणि ते फोटोशॉपच्या पोटात बसवलं. कॅनव्हा या डिझाइनच्या साधनानं २०१९ मध्ये पेक्सेल्स आणि पिक्साबे या फुकट फोटोंच्या वेबसाइटी घेतल्या, गेटीनं २०२१ मध्ये तशीच अनस्प्लॅश. २०२३ च्या मार्चमध्ये वर्डप्रेसच्या ६.२ आवृत्तीत ओपनव्हर्स आलं. मुक्त परवान्याचे, म्हणजे अटी पाळून फुकट वापरता येणारे, फोटो तेव्हापासून लिहिता लिहिता शोधता येतात.

आत काय घडतं तेही सांगते, कारण ते समजलं की निम्मी भीती जाते. आपलं स्टॉकचं खातं वेबसाइटच्या साधनाला एकदा जोडायचं. आपण शब्द टाकला की तो प्रश्न एपीआयमार्फत, म्हणजे दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दुव्यातून, स्टॉकवाल्यांकडे जातो आणि लहान चित्रं परत येतात. एखादं निवडलं की वॉटरमार्कसह ते पानावर दिसतं. मालकांना त्या पानाची लिंक पाठवायची. खरं पान, खऱ्या मजकुरासह. त्यांनी हो म्हटलं की परवान्याचं बटण दाबायचं. खात्यातून क्रेडिट वजा होतं, वॉटरमार्क जातो, मोठी फाइल त्याच जागी, आपण कापली होती तशीच येऊन बसते, आणि परवान्याचा क्रमांक, तारीख, कुणाच्या खात्यातून घेतला, हे सगळं नोंदलं जातं. मोठ्या कंपन्या मध्ये आणखी एक कोठार ठेवतात, डिजिटल अॅसेट मॅनेजमेंटचं. तिथे एकदा घेतलेला फोटो दिल्लीच्या माणसालाही दिसतो आणि चेन्नईच्याही, त्यामुळे एकच फोटो दोनदा विकत घेतला जात नाही. परवाना घ्यायचा अधिकार कुणाला आणि नुसतं निवडायचा कुणाला, हेही ठरवता येतं. आमच्याकडच्या सुनांना हा भाग फार आवडतो. खर्चाचं बटण त्यांच्या हातात राहतं.

टॉवेलाच्या गाठी ट्रकवर चढल्या की सोबत बिल आणि ई-वे बिल असतं. वाटेत कुणी अडवलं तर ड्रायव्हर कागद काढून दाखवतो. इंटरनेटवर मात्र आपण वर्षानुवर्षं कागदाविना माल हलवत आलो.

त्याचे चटके गावात बसलेले आहेत. ओळखीतल्या एका निर्यातदाराला परदेशातून ईमेल आला, तुमच्या वेबसाइटवरचा अमुक फोटो आमचा आहे, परवाना दाखवा नाहीतर इतके पैसे भरा. रक्कम त्या फोटोच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट होती. ज्यानं वेबसाइट बनवून दिली होती तो गाव सोडून गेलेला, फोन उचलेना. कदाचित फोटो रीतसर घेतलेलाही असेल, पण ते सिद्ध कसं करणार? असे फोटो शोधणारी सॉफ्टवेअर दिवसरात्र वेबसाइटी चाळत असतात, छोटी कंपनी म्हणून कुणी सुटत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. तरीही नवी पेठेतल्या दुकानात ‘नेटवरचा फोटो आहे, फुकट आहे’ हे वाक्य आजही ऐकू येतं, तेव्हा मी थांबून समजावून सांगते. मला त्यात कंटाळा नाही.

कागद आला म्हणजे तो वाचायलाही हवा. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ या शेऱ्यावरून. जानेवारीत गड्डा भरतो. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंचच उंच नंदीध्वज पेलत निघतात. फोटोला याहून देखणं काय असणार! चादरीवाल्यांना सवलतीच्या बॅनरवर तोच फोटो हवा असतो. पण गर्दीतल्या शेकडो चेहऱ्यांची संमती कुणी घेतलेली नसते, म्हणून स्टॉकवर असे फोटो बातमीला, लेखाला वापरता येतात, जाहिरातीला नाही. जोडणी करतानाच शोधपट्टीत संपादकीय फोटो लपवायची सोय असेल तर ती सुरू करून ठेवावी. आम्ही ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्यात पहिल्याच दिवशी करतो. दुसरा घोटाळा आमच्या गावाचाच. वेबसाइटसाठी घेतलेला फोटो उद्या कुणी टॉवेलवरच छापतो. साध्या परवान्यात हे बसत नाही. विकायच्या वस्तूवर चित्र छापायचं तर वाढीव परवाना लागतो. जाहिरातीच्या छपाईलाही शटरस्टॉक आणि आयस्टॉकच्या साध्या परवान्यांत ५ लाख प्रतींची मर्यादा आहे. ती आमच्याकडे कुणी गाठत नाही, पण छापील टॉवेलाचा प्रश्न दर हंगामात येतो.

आणि एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. काही साधनांत आतच मिळणारे फोटो त्या साधनात बनवलेल्या डिझाइनपुरतेच असतात. कॅनव्हाच्या सशुल्क फोटोंचं तसंच आहे. डिझाइनचा भाग म्हणून वापरा, नुसता फोटो वेगळा काढून दुसरीकडे नेता येत नाही. वेबसाइट एका साधनावरून दुसऱ्यावर हलवायची वेळ आली की हा पेच उभा राहतो. स्वतःच्या खात्यातून घेतलेला परवाना आपल्यासोबत येतो. म्हणून मी जोडणीच्या बाजूनं बोलते, पण खातं गिऱ्हाइकाच्या नावावर हवं, आमच्या नाही आणि साधनाच्याही नाही.

फाइलच्या आतही नाव लिहिता येतं. आयपीटीसी नावाची पद्धत आहे. फोटोग्राफर कोण, हक्क कुणाचा, परवाना कुठे मिळेल, हे सगळं फोटोच्याच पोटात. २०२० च्या ऑगस्टपासून गूगल ही माहिती वाचून शोधात दिसणाऱ्या फोटोवर परवान्याची खूण दाखवतं. पण फोटो हलका करणारी बरीच साधनं पहिल्या फटक्यात ही माहिती पुसून टाकतात. तो पर्याय बंद करता येतो, दोन केबी वाचवायला माणसाचं नाव पुसू नये.

इथवर सगळं परक्या फोटोंबद्दल झालं. मला जे मनापासून सांगायचं आहे ते याच्या पुढे आहे.

शोधपट्टीत भारतातला विणकर असा शोध घेतला की हातमागावर वाकलेले म्हातारे हात दिसतात, रेशीम दिसतं, खिडकीतून तिरका ऊन्हाचा झोत दिसतो. फोटो सुंदर असतात. पण सोलापूरचा विणकर यंत्रमागावर उभा असतो. एक माणूस अनेक माग सांभाळतो, ट्यूबलाइटच्या उजेडात, भुवयांवर कापसाचा भुगा, आणि धोट्याचा आवाज इतका की माणसं खुणांनी बोलतात. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली घरं, घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड. त्या पट्टीत हे काहीच नसतं. डाळिंबाचंही तेच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कापलेलं लाल फळ हजारदा सापडतं. सांगोल्याच्या माळावरची भगव्या जातीच्या डाळिंबाची बाग, फळांना घातलेल्या पिशव्या, हे सापडत नाही. आणि केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आमच्या दारात आहे!

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ही नावं कायद्यानं या गावाशी बांधलेली आहेत. दुसऱ्या गावच्या मालावर ती लावता येत नाहीत. चित्रावर मात्र असं कुठलंच बंधन नाही. नाव सोलापूरचं आणि त्याखालचा टॉवेल कुठलाही, असं पान बिनदिक्कत चालतं. परदेशातल्या खरेदीदाराला तेच पान पानिपतच्या विक्रेत्याकडेही दिसतं आणि तुर्कस्तानच्याही, तोच ऑर्किड, तेच दगड. मग तो भावावर घासाघीस करतो, कारण वेगळं काही त्याला दिसलेलंच नसतं. फसवणुकीचा मुद्दा आहे तो निराळाच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, आणि विक्रीच्या पानावर दुसऱ्याच टॉवेलाचा फोटो लावणं मला त्याच वाटेवरचं वाटतं. म्हणून आमचा नियम साधा आहे. वातावरण दाखवायला, हॉटेलची खोली, समुद्रकिनारा, न्हाणीघर, स्टॉक चालेल. माल, माणूस आणि जागा आपलीच.

यंत्रानं बनवलेली चित्रंही आता त्याच पट्टीत आली आहेत. अडोबीनं २०२३ मध्ये फायरफ्लाय आणलं, अडोबी स्टॉकच्या परवानाधारी फोटोंवर शिकवलेलं, त्यामुळे हक्कांच्या बाबतीत ते बरंच निर्धास्त. मी त्याला सोलापुरी चादर मागून पाहिली. मोर आला, रंगही झगझगीत आले, पण जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणणारी, वीण आली नाही. कापडावर छापल्यासारखा मोर. ज्याच्या घरात अशी चादर आहे तो एका नजरेत ओळखेल. जे फोटोंच्या कोठारात कधी गेलंच नाही ते यंत्राला तरी कुठून ठाऊक असणार?

तेव्हा कोठारात घालायला हवं. हे काम आम्ही सुरू केलं आहे, दोन वाटांनी.

पहिली वाट गावाची. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, इंद्रभुवन, चार हुतात्म्यांचे पुतळे, नान्नजचं माळरान. असे फोटो आम्ही काढून मुक्त परवान्यानं विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या कोठारात, ठेवतो. ओपनव्हर्स तिथले फोटो दाखवतं, म्हणजे वर्डप्रेसवर लिहिणाऱ्या कुणालाही सोलापूर असा शब्द टाकला की ते समोर येऊ शकतात. सार्वजनिक जागेतल्या इमारतींचे आणि कायम उभ्या असलेल्या पुतळ्यांचे फोटो काढायला आपला कायदा मोकळीक देतो, त्यामुळे अडचण नाही. मथळा मात्र नीट लिहायचा. नुसतं ‘भारतातलं मंदिर’ लिहिलं तर तो फोटो पुन्हा गाव हरवून बसतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे याच मुक्त प्रकारातला, परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही आणि त्यातल्या काही प्रकारांत धंद्यासाठीही वापर चालतो, म्हणून ओळखू येणारा चेहरा या वाटेनं आम्ही पाठवत नाही.

दुसरी वाट कारखान्यांची. इथल्याच फोटोग्राफरला बोलावून माग, ताणा, शिलाई, पॅकिंग यांचे फोटो काढायचे, प्रत्येकासोबत करार आणि संमतीपत्र जोडायचं, आणि ते खासगी कोठार वेबसाइटच्या त्याच पट्टीला जोडून द्यायचं. शोधणाऱ्याला आधी आपले फोटो दिसतात, मग स्टॉकचे. करार करताना कायद्यातलं एक कलम आमच्या फार उपयोगी पडलं. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरताच धरला जातो. परवान्यालाही हेच लागू होतं. निर्यातीच्या वेबसाइटचे फोटो भारतापुरते असून कसं चालेल? फोटोग्राफरनंही हे समजून घ्यावं आणि जगभराच्या वापराचा भाव वेगळा मागावा. मागितला तर आम्ही देववतो.

संमतीपत्राचं काम सगळ्यात नाजूक निघालं. किनार शिवणाऱ्या एका अक्कांचा फोटो सुरेख आला होता, मान किंचित तिरकी, दातात दोरा. कागद पुढे केला तर त्यांनी सही करण्याआधी विचारलं, ‘कुठंकुठं लागणार हा?’ मी सांगितलं, वेबसाइटवर, कदाचित परदेशातल्या प्रदर्शनातही. त्या म्हणाल्या, ‘टॉवेलासोबत लागला तर लागू दे. विडीच्या जाहिरातीत नको. माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या.’ मोठ्या स्टॉक लायब्ररींच्या परवान्यांत हेच कलम असतं. ओळखू येणारी व्यक्ती तंबाखूच्या जाहिरातीत, आजारी म्हणून किंवा राजकीय प्रचारात दाखवायची नाही. पानंच्या पानं इंग्रजीत लिहिलेलं ते कलम अक्कांनी न वाचता नेमकं सांगितलं. आम्ही ते त्यांच्या शब्दांत कागदावर घेतलं, आणि आता प्रत्येक संमतीपत्रात ते आहे. मोबदलाही लिहितो. फोटोग्राफरला पैसे, आम्हाला पैसे आणि ज्याचा चेहरा त्याला काही नाही, हे मला पटत नाही.

मुदतीवरून मात्र एका कारखान्यात बरीच चर्चा झाली. मालकांचं म्हणणं, संमती कायमची घ्या; पुन्हा पुन्हा कुठे विचारत बसायचं? त्यांची अडचण खोटी नाही. स्टॉकच्या जगात संमती बहुधा कायमचीच असते. पण अक्का उद्या काम सोडतील, दुसऱ्या कारखान्यात जातील, तेव्हाही त्यांचा चेहरा पहिल्याच कारखान्याचा माल विकत राहणार. मी ५ वर्षांचा आग्रह धरला. सूनबाईंनी मार्ग काढला. कोठारात प्रत्येक फोटोला मुदतीची तारीख घालता येते आणि ती उलटली की तो फोटो शोधपट्टीतून आपोआप बाजूला होतो. महिनाभर आधी आठवणीचा ईमेलही येतो. म्हणजे पुन्हा विचारायला जायचं काम यंत्रच आठवून देणार. पट्टीतून गेला तरी जुन्या पानांवरून उतरवायचं काम माणसालाच करावं लागेल, ते आम्ही करारात आमच्याकडे घेतलं. मालक तयार झाले.

आता मराठी कागद पक्का झाला आहे. तेलुगू मसुदा विणकरांपैकीच एका अण्णांकडे वाचायला दिला आहे, कारण पुस्तकी तेलुगू आणि सोलापुरी तेलुगू यांत बरंच अंतर आहे आणि ज्याला सही करायची त्याला कागद कळायला हवा. त्यांनी पहिल्या पानावर बऱ्याच दुरुस्त्या करून पाठवल्या आहेत. कन्नड मसुद्याचं काम अजून बाकी आहे.